टोळीतल्या बायकांसाठी न्हाणीची सोय करायचीय, पण तात्यांना दुखवायचं नाही

मळ्यातली (पलूस तालुका)
३ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार. जरा लांबलचक होईल, पण आधीचं सांगितल्याशिवाय माझी अडचण कळणार नाही.

आमची वस्ती भिलवडीच्या अलीकडं, कृष्णेपासून दीडेक किलोमीटरवर. घरात सासरे, नवरा, मी आणि दोन मुलं. सासऱ्यांना सगळे तात्याच म्हणतात, वय ७४. अडीच एकर ऊस, अर्धा एकर हळद, दोन म्हशी. पंधरा दिवसांपूर्वी वस्तीमागच्या पडीक तुकड्यात ऊसतोडीची टोळी उतरली. नऊ कोयते, म्हणजे नऊ जोडपी, आणि त्यांची सात पोरं. एक पोर तर अजून अंगावर पिणारं आहे.

पाण्याचा प्रश्न नाही. बोअर आहे, हौद भरलेला असतो, आणि पाणी न्यायला तात्यांनी कधी कुणाला अडवलेलं नाही. चौथ्या दिवशी त्यांच्यातली एक बाई दारात आली आणि नुसतीच घुटमळत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, हौदाच्या आडोशाला आंघोळ केली तर चालंल का? उजाडायच्या आत उरकून घिऊ."

आडोसा म्हणजे हौदाची एक भिंत आणि हत्तीगवताचा पट्टा. बाकी सगळं उघडं, आणि बाजूनंच रानातली पायवाट जाते. मी पटकन बोलून गेले, "आमच्या न्हाणीत करा की." तेवढ्यात ओसरीवरनं तात्यांचा आवाज आला, "एकदा सवय लावलीस की मग बसशील निस्तरत." ती ऐकत होती. "असू द्या ताई," म्हणाली आणि गेली. त्यानंतर पाण्याला दुसरीच बाई येते.

तात्या दुष्ट नाहीत, हे पहिल्यांदा सांगते. दोन वर्षांपूर्वी मोटारीची १२० फूट केबल चोरीला गेली, आणि टोळी हलली तीही त्याच आठवड्यात. चोर सापडला नाही, पण तात्यांच्या मनातला संशय काही गेला नाही.

आता २०१९ चं सांगते. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या ऑगस्टला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात माळ्याला पाणी लागलं होतं. ६ तारखेला आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघालो. म्हशी सोडून दिल्या, त्यातली एक परत आली. तासगावच्या बाजूला एका शाळेत आम्ही अकरा दिवस काढले, एका वर्गात सहा घरं. ८ तारखेला ब्रह्मनाळला बोट उलटल्याचं कळलं, त्या रात्री वर्गातला दिवा कुणी मालवलाच नाही.

मदत भरपूर आली. बिस्किटाचे पुडे भिंतीला लावून रचलेले होते. साड्यांची गाठोडी आली, त्यात जरीच्या साड्या होत्या, कुणाच्याच मापाचे नसलेले ब्लाउज होते, पण परकर एकही नव्हता. मी चार दिवस एकाच परकरावर काढले, तोही ओला. सांगणार कुणाला? वाटप करणारी सगळी तरुण पोरं. चांगली पोरं होती, पावसात भिजत आली होती, त्यांना नावं ठेवत नाही. पण त्यातल्या एकानं चादर देताना फोटोसाठी तात्यांना "जरा वर बघा आजोबा" म्हटलं. तात्यांनी चादर बाकावर ठेवली आणि पावसात बाहेर जाऊन उभे राहिले.

तात्या रोज सकाळी दाढी करणारे. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना खुंट वाढलेल्या गालांनी पाहिलेलं नव्हतं. शाळेत सात दिवसांची दाढी वाढली आणि माणूस कुणाच्या नजरेला नजर देईना. सातव्या दिवशी जवळच्या गावातले एक नाभिक पेटी घेऊन आले आणि त्यांनी व्हरांड्यात खुर्ची मांडली. पैसे घेणार नाही, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं होतं. तात्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी हातात आरसा दिला आणि विचारलं, "काका, मिशी कशी ठिवायची? बारीक करू का हाय तशी?"

तात्यांना बोलता येईना. त्यांचे डोळे भरून आले. आरसा हातात तसाच. मी दारातून बघत होते. त्या आठवडाभरात त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. घ्या, बसा, सरका, सही करा, एवढंच कानावर पडत होतं.

आणि आता तेच तात्या त्या बाईला ऐकू जाईल असं बोलले. "तात्या, शाळेतले दिवस विसरलात का?" असं चारदा तरी माझ्या ओठांवर आलं. बोलले नाही. घरातला कर्ता माणूस, लाचारीचे ते अकरा दिवस त्यांनी नंतर कधी तोंडातून काढलेले नाहीत. ते मी नातवंडांदेखत त्यांच्या तोंडावर कसे मारू?

नवरा म्हणतो, तूच बघ. तर मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्या बायकांसाठी नेमकी काय सोय करावी? आणि तात्यांशी कसं बोलावं?

---

शिवार_कराड
३ डिसेंबर, रात्री १०:२५

ताई, तुमचं मन मोठं आहे, पण तात्यांचंही म्हणणं समजून घ्या. माझा चार एकर ऊस आहे. आडसाली लावण, सतरावा महिना चाललाय, उसाला तुरे आले तरी तोड नाही. टोळी आली की पहिल्यांदा खुशालीचं, म्हणजे वरच्या पैशांचं, बोलणं. मागच्या हंगामात मी एकरी चार हजार रुपये दिले, ड्रायव्हरचे वरचे पैसे, ज्याला एन्ट्री म्हणतात, ते वेगळे, जेवण वेगळं. तोडणीचा खर्च आमच्याच उसाच्या बिलातनं कापतात, मग ही खुशाली कशाची? नाही म्हटलं की बुडखे वर ठेवून तोडतात, वजनात आमचाच तोटा.

आमच्या पायाखाली काय जळतंय ते कुणी विचारत नाही. शेतकऱ्यानं मात्र सगळ्यांचं बघायचं. मी टोळीला पाणी देतो, जनावरांसाठी उसाचं वाढं नेऊ देतो. त्यापुढं माझा जीव होत नाही. तात्यांना कठोर समजू नका, एवढंच सांगायचं होतं.

---

कृष्णाकाठी
३ डिसेंबर, रात्री ११:०२

मला तर साधं वाटतं. सरळ आठवण करून द्या तात्यांना. ज्यानं पूर भोगला त्याला लगेच कळेल. घरातल्या घरात एवढं काय आडून आडून बोलायचं?

---

मळ्यातली (पलूस तालुका)
४ डिसेंबर, सकाळी ६:१५

शिवार दादा, तुमचं पटतं. खुशाली आम्हीही दिलीय, आणि तेव्हा माझाही तळतळाट झाला होता. म्हणून तर तात्यांना मी कठोर म्हणत नाही.

कृष्णाकाठी, तुम्ही वयानं लहान असाल असं वाटतं, राग मानू नका. तात्यांना आठवत नाही असं नाहीच. पुराचं पाणी उतरल्यावर घरातला गाळ काढून झाला, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी भिंतीवर आरशाचा खिळा ठोकला होता. भांडी नंतर लागली, आरसा आधी. एवढं ज्याला आठवतं त्याला मी काय आठवण करून देऊ? मी ते बोलून दाखवलं तर तेही "वर बघा आजोबा" म्हटल्यासारखंच होईल.

---

आशाताई (फलटण)
४ डिसेंबर, दुपारी २:३०

मी बारा वर्षं आशा म्हणून काम करते. आमच्याकडंही कारखाने आहेत, त्यामुळं दिवाळी झाली की कोप्यांवर, म्हणजे टोळ्यांच्या झोपड्यांवर, फेऱ्या सुरू. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकते.

घरातली न्हाणी देण्याचा हट्ट धरू नका. तात्यांसाठी म्हणून नाही, त्या बायकांसाठी म्हणून. पहाटे साडेतीन-चारला दुसऱ्याच्या घरात शिरायचं, कुत्रं भुंकणार, म्हातारं माणूस उठणार. त्या एकदा येतील, पुन्हा येणार नाहीत. हौदापाशीच चार पत्र्यांची वेगळी न्हाणी करा. खाली फरशीचे दोन-तीन तुकडे, पाणी गवताकडं काढून द्या. आणि कडी आतून लागली पाहिजे. ही कडी लोक हमखास विसरतात. पडदा लावतात, गोणपाट बांधतात आणि झाली सोय म्हणतात. गोणपाटामागं आंघोळ करणारी बाई अर्धं लक्ष वाटेकडं ठेवूनच अंगावर पाणी घेते.

दिवा आत नको. पत्र्याच्या फटीतून सावली दिसते. बाहेर, थोडा उंचावर लावा, म्हणजे वाटही दिसेल आणि वरून आत पुरेसा उजेड पडेल.

आता माझी एक चूक सांगते. पहिल्या वर्षी मी विचार केला, मी त्यांच्या जागी असते तर मला काय हवं असतं? आणि ओळखीच्यांकडून पैसे गोळा करून पॅडची पाकिटं वाटली. आठ दिवसांनी गेले तर निम्मी पाकिटं न फोडलेली. एक बाई म्हणाली, "टाकायची कुठं ताई? फडात टाकावं तर गडीमाणसं असत्यात, चुलीत घालावं तर स्वयंपाकाची चूल." तिला जुनं सुती कापडच बरं पडत होतं, फक्त ते धुऊन वाळत घालायला कुणाला न दिसणारी जागा नव्हती. मी तिच्या जागी गेले होते, पण माझी मोरी आणि माझी कचराकुंडी बरोबर घेऊन गेले होते. तेव्हापासून आधी विचारते. न्हाणीत एक दोरी आतल्या बाजूनं, उंचावर बांधा.

ही सोय छोटी वाटते, पण छोटी नाही. एक दिवस काम बुडालं की खाडा धरतात, म्हणजे पैसे कापतात, म्हणून पोटात दुखलं तरी बाई फडात जाते. अंगावर काढलेलं दुखणं वाढतं आणि मग डॉक्टर पिशवी काढायला सांगतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्याची पाहणी आली होती. ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सगळ्याच ऑपरेशनांचं कारण न्हाणी नव्हे, हे मला कळतं. पण पाणी आणि आडोसा नसल्यानं सुरू झालेली दुखणी मी स्वतः पाहिली आहेत.

आणखी दोन गोष्टी. त्यांचं रेशनकार्ड आधारला जोडलेलं असेल तर गावाकडचं धान्य तुमच्या गावच्या दुकानातही उचलता येतं. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. आणि त्या तान्ह्या बाळाचं लसीचं कार्ड मागून बघा. लस कुठल्याही उपकेंद्रात मिळते, गावाकडंच जायला लागत नाही. तुमच्या गावच्या आशाला नुसता निरोप द्या, ती येईल.

---

बालाघाट
४ डिसेंबर, रात्री ११:५०

मी पाटोदा तालुक्यातला, बीड जिल्हा. माझ्या आईबापाचा कोयता अठरा वर्षं सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांना होता. त्यातली सात वर्षं मी त्यांच्यासोबत कोपीत राहिलोय. आता सांगलीत नोकरीला आहे. ताई, तुमचं लिहिलेलं चार वेळा वाचलं.

आधी केबलचं. संशय येणार हे आमच्या माणसांना कारखान्यावर उतरायच्या आधीच माहीत असतं. आई आम्हा पोरांना मोटारीच्या खोलीकडं फिरकूच द्यायची नाही. चेंडू तिकडं गेला तर चेंडू गेला. तात्यांची भीती खोटी ठरवायला जाऊ नका. आमच्यातही वाईट माणसं असतात, तशी ती सगळीकडंच असतात. मोटारीच्या खोलीला कुलूप लावा, नवं लावा, कुणालाही वाईट वाटणार नाही. आमच्या कोपीला दारच नसतं, दुसऱ्याच्या कुलपाचा आम्हाला कसला राग? वाईट वाटतं ते तोंडासमोर बोललं की.

शिवार दादा, खुशाली घेणं चूकच आहे, मी तिची बाजू घेणार नाही. पण तो पैसा माझ्या आईच्या हातात आलेला मी कधी पाहिला नाही. तिचा हिशोब टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत असायचा. सहा महिने तोडायचं आणि निघताना वहीत उचल, म्हणजे आधी घेतलेले पैसे, फिटलेली नाही असं निघायचं, मग पुढच्या साली परत तोच मुकादम. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्के वाढला, तोवर माझ्या आईचे गुडघे गेले होते.

काय सोय करावी, तर आशाताईंनी सांगितलंय तेच. मी एका वैनीची गोष्ट सांगतो. वाळवा तालुक्यात आम्ही उतरलो होतो, मी तिसरीत असेन. एक दिवस त्या वैनी फडात आल्या आणि आईला म्हणाल्या, "तुमचं सगळ्यात जास्त काय अडतंय?" आई आधी काहीच बोलेना, कारण असं विचारल्यावर काय मागायचं असतं तेच तिला ठाऊक नव्हतं. मग म्हणाली, "दळण."

गावातली गिरणी सात वाजता बंद व्हायची. आम्ही फडातून यायचो आठला. पहाटे गिरणी उघडायच्या आधी बाहेर. बाजरी पोत्यात असायची आणि आम्ही चार-चार दिवस नुसत्या भातावर काढायचो. दुसरं कुणी असतं तर वैनींच्या जागी पीठ आणून दिलं असतं. त्यांनी पीठ नाही दिलं. म्हणाल्या, सकाळी जाताना डबा माझ्या ओट्यावर ठेवत जा, संध्याकाळी घेऊन जा, दळणाचे पैसे डब्यात टाकत जा. आठ दिवसांत ओट्यावर अकरा डबे लागायला लागले. कुणाचा कुठला ते कळावं म्हणून आईनं प्रत्येक कडीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली. आमच्या डब्याला हिरवी होती.

त्या हंगामात आम्ही आमचीच बाजरी खाल्ली. आमच्या पैशानं दळलेली.

पुढच्या दिवाळीनंतर येताना आईनं टोपलीभर सीताफळं आणली, आमच्या डोंगरातली. ट्रकमध्ये सगळ्यांच्या पायात ती टोपली आणि आई तिच्यावर हात धरून बसलेली. त्यातली निम्मी पिकून फुटली होती. राहिलेली वैनींनी आमच्यासमोर बसून खाल्ली, लगेच, ओट्यावरच. आत नेऊन ठेवली असती तरी चाललं असतं. पण आमच्यासमोर खाल्ली हे आई अजून सांगते.

तात्यांशी कसं बोलावं हे मला नीट सांगता येणार नाही. माझा बाप असता तर मी त्याला काही पटवायला गेलो नसतो, एखादं काम सांगितलं असतं.

---

शिवार_कराड
५ डिसेंबर, सकाळी ७:१०

बालाघाट भाऊ, वाचलं. दळणाचं माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या भावकीतच गिरणी आहे. बघतो.

---

मिरजकर
५ डिसेंबर, दुपारी ४:४५

विषय जवळचा म्हणून लिहितो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेतून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, तेव्हा मी स्टेशनात जाऊन उभा होतो. राजस्थानात कोट्याला धुऊन काढलेल्या टाकीच्या वाघिणी आल्या, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर कृष्णेचं पाणी. ११ एप्रिलला गाडी निघाली, १२ ला पोचली. पुढं पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली.

तीन वर्षांनी आमच्या गल्लीत पाणी आलं. उतरल्यावर लातूरकडचा एक टेम्पो आला. सगळ्यांना वाटलं बिस्किटं आणि चादरी असतील. निघाले खराटे, फावडी, फिनेलचे कॅन आणि रबरी हातमोजे. त्यांच्यातल्या एकानं आधी आमच्या गल्लीतल्या दुकानदाराला फोन करून विचारलं होतं, आत्ता तुमच्याकडं कशाचा तुटवडा आहे? पूर त्यांनी कधी पाहिला नव्हता, त्यांच्याकडं नळाला पाणी नसायचं. गाळ काय असतो ते त्यांना विचारूनच कळलं. त्यातलं एक फावडं अजून माझ्याकडं आहे, दांडा दोनदा बदलला.

तात्यांना माझा नमस्कार सांगा.

---

मळ्यातली (पलूस तालुका)
१४ डिसेंबर, रात्री ८:५५

उशीर झाला. मध्ये हळदीला पाणी द्यायचं होतं, आणि शेतीची लाइट या आठवड्यात रात्रीची, त्यामुळं झोपेचं खोबरं. सगळ्यांची उत्तरं वाचली, काही नवऱ्याला वाचून दाखवली.

दळणाचं वाचल्यावर मला एक जुनी गोष्ट आठवली, पहिल्या वेळी मी ती लिहिली नव्हती. तीन वर्षांपूर्वीच्या टोळीतल्या एका बाईनं माझ्याकडं अंगाचा साबण मागितला होता. मी साबण दिला नाही, त्याऐवजी जुने कपडे काढून दिले. उसवलेले, एकाला तर बटणंच नाहीत. मला वाटलं, मागितलं त्यापेक्षा जास्तच देतेय. दुसऱ्या दिवशी ते कपडे गोठ्याच्या खांबापाशी व्यवस्थित घड्या घालून ठेवलेले होते. तेव्हा मला तिचा राग आला होता. शाळेतली ती जरीची साडी मी अजून एकदाही नेसलेली नाही, आणि तरी मला राग आला होता.

तर या वेळी मी आधी त्या बाईला भेटायला फडात गेले. तिच्याशी बोलले. दार लागणारी जागा हवी, ती म्हणाली, आणि सातही पोरांना शनिवारी एकदा तरी आंघोळीला गरम पाणी मिळालं तर बरं होईल. बस, एवढंच. न्हाणी बघून मग सांगू म्हणाली. बाळाचं कार्ड गावाकडं राहिलंय, पण आमच्या गावच्या आशा येऊन गेल्या, परवा लस झाली. तात्या त्या दिवशी जे बोलले त्याबद्दल मी काही म्हणणार होते, तर तीच म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला भ्याव असतं ताई. माझा सासरा बी तसाच."

मग तात्यांचं. बालाघाट दादा, तुम्ही म्हणालात ना, काम सांगितलं असतं, ते मनात राहिलं. आणि मला ते नाभिक आठवत होते. त्यांनी तात्यांना दाढी करायची का, असं विचारलं नव्हतं. कशी ठेवायची, ते विचारलं होतं.

रविवारी सकाळी तात्यांची दाढी चालली होती. मी चहा घेऊन गेले आणि म्हटलं, "तात्या, हौदापाशी पत्र्याची न्हाणी करायचं मनात आहे. दार कुठल्या अंगाला ठेवू?"

ते आरशातच बघत राहिले. वस्तरा धुतला. मला वाटलं, आता ओरडतील. बऱ्याच वेळानं म्हणाले, "उसाच्या अंगाला नको. तिकडं अंधार असतो."

मग गोठ्याच्या अंगाला ठेवू का, असं विचारलं.

"गोठ्याच्या अंगाला म्हशी उठतात. घराच्या अंगाला ठेव. उजेड पडतो."

बास, एवढंच बोलणं. संशय गेला असं मी म्हणणार नाही. त्याच दुपारी त्यांनी मुलाला पाठवून मोटारीच्या खोलीला नवं कुलूप आणवलं. मी आणि नवऱ्यानं गोठ्यावरचे जुने चार पत्रे उभे केले, खाली शहाबादीचे तुकडे टाकले. दाराला पाचवा पत्रा लावणार होतो. तात्या म्हणाले, पत्र्याचं दार वाजतं, अख्ख्या रानाला कळतं आत कोण गेलं ते. माडीवर जुन्या घराचं एक दार पडलेलं, पुरात फुगून बसलेलं, तेव्हापासून कशालाच बसत नव्हतं. ते त्यांनी उतरवायला लावलं आणि दोन दिवस रंधा घेऊन एकटेच घाशीत बसले. नवरा मदतीला गेला तर त्याला हाकललं. ७४ वर्षांचा माणूस, मला काळजी वाटत होती, पण मध्ये पडले नाही.

कडीचं मी विसरले नव्हते, आणून ठेवली होती. ती बाहेरून लावायची का आतून, हे तात्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी बघितलं तर लागलेली होती, आतल्या बाजूला, आणि खाली आडवा लावायचा एक आडणाही होता. आडणा जुन्या दाराचाच.

दोरी मी बांधली. दिवा बाहेर, उंचावर.

आज पहाटे पावणेचारला मी जागीच होते. हौदावर बादलीचा आवाज झाला, मग दार लागलं, मग कडी. ओसरीवर तात्या खोकले. थोड्या वेळानं त्यांनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.